सीमाभागातल्या जुन्या फायली आणि फाँटचं नाव

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या डीटीपी सेंटरांत पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फायली अजून पडून आहेत. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका. इथलं काम दोन भाषांतलं: मराठी फाँटांना श्रीलिपी किंवा आकृती, कन्नडला नुडी किंवा बरहा ही सॉफ्टवेअरं.

हे जुने फाँट ८ बिटांचे. जागा २५६च, आणि कुठल्या जागेवर कुठलं अक्षर बसवायचं हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. १९९१ साली इस्की (भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना आकडे ठरवून देणारी पद्धत) हे भारतीय मानक ठरलं, पण बाजारातल्या फाँटांची मांडणी वेगवेगळीच राहिली. त्यामुळे एकाच पत्रिकेत वर मराठी आणि खाली कन्नड असलं, तरी फायलीत दोन्हीकडे तेच आकडे. कुठला मजकूर कुठल्या भाषेतला, हे फक्त फाँटच्या नावावरून कळतं. मजकूर नोटपॅडमध्ये टाकला की ते नाव गळतं आणि टोप्या-ठिपके लावलेली रोमन अक्षरं उरतात. मूळ फाँट ठाऊक नसेल, तर जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सामाईक मांडणीत, आणणाऱ्या कन्व्हर्टरचाही इलाज चालत नाही. माझ्या मते या भागात सगळ्यात आधी जपायची माहिती म्हणजे फाँटचं नाव.

दुसरी गोष्ट तारीख. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये फायलीच्या नावाला ८ अक्षरं आणि टिंबापुढे ३, एवढीच मुभा. नावं तुटक, म्हणून साल कळायला बहुधा फायलीची तारीखच आधार. १९५६ पासून सीमाप्रश्न जगणाऱ्या या मुलखात कुठलं पत्रक कुठल्या सालचं, याला फार वजन आहे. विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं की ‘मॉडिफाइड’ तारीख टिकते, पण ‘क्रिएटेड’ आजची होते. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड फायलींच्या दोन्ही तारखा नेते. फोल्डरच्या तारखांसाठी त्या कमांडच्या ‘डीकॉपी’ या पर्यायाला ‘टी’ जोडावा लागतो (/DCOPY:T).

पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, आणि त्याच्या जागी आलेलं आजचं इनडिझाइन त्या फायली थेट उघडत नाही. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच फाइल उघडून फाँटांची नावं लिहून घ्यायला हवीत. युनिकोड प्रत वेगळी करावी, मूळ फायलीला हात लावू नये. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधल्या टीटीएफ फायलीही (म्हणजे खुद्द फाँटच्या फायली) सोबत घ्याव्यात, आणि मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला जोडायच्या किल्लीवजा उपकरणावर) चालत असेल तर तो डोंगलसुद्धा.