मणक्यातलं पाणी आणि ऐरण

रॉक बँडवरच्या सिनेमांचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "त्या स्पायनल टॅपमध्ये ड्रम वाजवतो तो रॉब रायनर ना?" समोरचा मान डोलावतो, कारण ही सगळी नावं त्यानेही कुठेतरी एकत्रच ऐकलेली असतात. पण या एका वाक्यात दोन सिनेमांची सरमिसळ झालेली आहे. रॉब रायनर हा 1984 च्या 'धिस इज स्पायनल टॅप'चा दिग्दर्शक. आणि 2008 मध्ये आलेल्या 'अ‍ॅन्व्हिल! द स्टोरी ऑफ अ‍ॅन्व्हिल'मधल्या ड्रमरचं नावही रॉब रायनरच. इंग्रजीत ड्रमरच्या रॉबला एक बी जास्त असतो, तेवढाच काय तो आधार. देवनागरीत लिहिलं की तोही जातो. म्हणून इथून पुढे एक दिग्दर्शक रायनर आणि दुसरा ड्रमर रायनर.

नुसत्या नावाचा घोळ असता तर एका ओळीत मिटला असता. पण दोन्ही सिनेमे दिसतात सारखे: हातातला हलता कॅमेरा, उतरती कळा लागलेला हेवी मेटल बँड, लांब केसांची प्रौढ माणसं, फसत जाणारा दौरा, आणि शेवटी जपान. स्टोनहेंजचे दगड दोन्हींत. अकरा आकड्यापर्यंत जाणारं बटण दोन्हींत. एक बँड मात्र निव्वळ बनवलेला आहे आणि दुसरा टोरांटोत खराखुरा नांदतो. पहिल्याचं नाव डॉक्टरी, मणक्यात सुई घालून पाणी काढून तपासतात ते. दुसऱ्याचं लोहाराच्या भात्याजवळचं, अ‍ॅन्व्हिल म्हणजे ऐरण. कुठलं नाव खऱ्या बँडचं असेल, हे नावावरून ओळखून दाखवावं कुणी.

आधी खोटा. स्पायनल टॅप पहिल्यांदा दिसला तो 1979 मध्ये, अमेरिकन टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातल्या छोट्या प्रहसनात. मायकेल मकीन, क्रिस्टोफर गेस्ट आणि हॅरी शिअरर या तिघांनी इंग्लंडमधल्या एका थकत चाललेल्या बँडची सोंगं घेतली: डेव्हिड सेंट हबिन्स, नायजेल टफनेल आणि डेरेक स्मॉल्स. पाच वर्षांनी त्यांचा सिनेमा आला. संवाद जवळजवळ सगळे ऐनवेळी सुचलेले, प्रसंगांचा फक्त सांगाडा ठरलेला. दिग्दर्शक रायनर स्वतःच मार्टी डिबर्गी नावाचा माहितीपटवाला होऊन पडद्यावर प्रश्न विचारत बसतो. गाणी या मंडळींनी स्वतः लिहिली आणि स्वतः वाजवली. फसवणूक बेमालूम झाली त्यात याचा वाटा मोठा. हातात गिटार धरून भलत्याच जागी बोटं फिरवणारे नट आपण हिंदी सिनेमात आयुष्यभर पाहिले, इथे बोटं बरोबर पडतात. सिनेमा लागला तेव्हा काही प्रेक्षकांनी दिग्दर्शक रायनरला म्हणे विचारलं होतं, की कुणी नाव ऐकलं नाही अशा बँडवर तुम्ही सिनेमा का काढलात?

नावाच्या लिखावटीतही खोडी आहे. मोटरहेडसारखे मेटल बँड नावातल्या स्वरावर जर्मन पद्धतीची दोन टिंबं ठेवत, भारदस्त दिसावं म्हणून. स्पायनल टॅपने ती थेट एन या व्यंजनावर ठेवली. जर्मनमध्येही तिथे टिंबं येत नाहीत. आपल्याकडे कुणी विसर्गावर अनुस्वार द्यावा तसं.

अकराचा किस्सा सिनेमा न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतो. नायजेल आपला अँप्लिफायर दाखवतो. सगळ्यांची बटणं दहापर्यंत, याची अकरापर्यंत. डिबर्गी साधा प्रश्न विचारतो, की दहालाच जास्त मोठा आवाज ठेवून त्याला दहा का म्हणत नाही? नायजेल गप्प होतो, विचार करतो आणि पुन्हा तेच सांगतो, की हा अकरापर्यंत जातो. विनोदाची सगळी गंमत त्या गप्प बसण्यात आहे. गणेशोत्सवात साउंडवाल्याशी ज्याने कधी वाद घातला असेल त्याला ती शांतता ओळखीची वाटेल.

स्टोनहेंजची भानगड आणखी बारीक. रंगमंचावर इंग्लंडमधल्या त्या प्राचीन शिळांची प्रतिकृती उभी करायची असते. नायजेल कागदी रुमालावर आकृती काढून देतो आणि मापाच्या आकड्यापुढे एका तिरक्या रेघेऐवजी दोन मारतो. एक रेघ म्हणजे फूट, दोन म्हणजे इंच. अठरा फुटांच्या शिळा हव्या होत्या, बनून येतात दीड फुटाच्या. बनवणाऱ्या बाईंचं काही चुकलेलं नसतं, कागदावर होतं तसं त्यांनी केलं. ऐन गाण्यात ती इवलीशी कमान वरून खाली उतरते आणि भोवती नाचणारे बुटके कलाकार तिच्यापेक्षा उंच. हे अतिशयोक्त वाटत असेल, तर ब्लॅक सॅबाथ या खऱ्या बँडने 1983 च्या दौऱ्यासाठी स्टोनहेंजचा सेट करून घेतला होता. तो एवढा मोठा झाला की बहुतेक ठिकाणी मावेचना.

आता खरा. स्टीव्ह कडलो, ज्याला सगळे 'लिप्स' म्हणतात, आणि ड्रमर रायनर हे टोरांटोतले शाळकरी वयापासूनचे दोस्त. बँड 1978 चा. 1982 मध्ये त्यांचा 'मेटल ऑन मेटल' हा अल्बम आला आणि पुढे प्रचंड मोठे झालेले कित्येक मेटलवाले तो ऐकून वाढले. सिनेमात मेटॅलिकाचा लार्स उलरिक, स्लॅश, मोटरहेडचा लेमी ही मंडळी कॅमेऱ्यासमोर तसं बोलतात. 1984 च्या उन्हाळ्यात जपानच्या एका मोठ्या महोत्सवात अ‍ॅन्व्हिल स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक आणि बॉन जोवी यांच्याबरोबर वाजवून आला. बाकीच्या तिघांच्या पुढे लाखो प्रती खपल्या. अ‍ॅन्व्हिलच्या नाहीत. साल नीट पाहा. खोटा बँड ज्या वर्षी पडद्यावर घसरत होता, त्याच वर्षी खरा बँड शिखरावर होता, आणि घसरण पुढेच होती.

सिनेमा काढला साशा गेर्वासीने. तो शाळकरी पोरगा असताना या बँडबरोबर सामान उचलत दौऱ्यावर गेला होता, पुढे हॉलिवूडमध्ये पटकथाकार झाला आणि वीसेक वर्षांनी जुन्या दोस्तांना शोधत परत आला. त्याला स्पायनल टॅप तोंडपाठ असणार, हे उघड आहे. बँडला तो स्टोनहेंज दाखवायला नेतो. स्टुडिओतलं अकरापर्यंतचं बटण कॅमेऱ्यात येईल असं बघतो. म्हणजे प्रेक्षकाचा गोंधळ होतो तो नुसता योगायोगाने नाही, त्याला थोडी फूसही आहे. पहिली वीस मिनिटं आपण हसतो आणि मनात म्हणतो, नटांनी कामं झकास केलीत.

मग ओळखायचं कसं? माझी एक साधी खूण आहे. कॅमेरा घरी जातो का, ते बघायचं.

स्पायनल टॅपमध्ये कुणालाही घर नाही. हॉटेल, बस, विमानतळ, रंगमंचामागची खोली, बस्स. दौरा फसतो, पण घरभाडं कुणाचं थकत नाही. डेव्हिडच्या मैत्रिणीमुळे भांडणं होतात, मॅनेजर सोडून जातो, अल्बमचं चित्र अश्लील म्हणून कंपनी ते नुसतं काळंकुट्ट करून टाकते. एका करमणूक बागेत पाटीवर वरचं नाव कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचं आणि खाली यांचं. प्रत्येक अपमान एकदाच होतो, पुरता विनोद काढून घेतो आणि पुढच्या गावी त्याचा मागमूस नसतो. ही प्रहसनाची रीत झाली. प्रहसनातल्या माणसाला उद्याच्या दुधाचे पैसे द्यायचे नसतात.

अ‍ॅन्व्हिलमध्ये कॅमेरा सुरुवातीलाच घरात शिरतो. लिप्स गाडी चालवतो, शाळांमध्ये मुलांच्या जेवणाचे डबे पोचवतो. ड्रमर रायनर बांधकामावर पाडकाम करतो आणि मोकळ्या वेळात चित्रं काढतो, ती बरी असतात. दोघांच्या बायका बोलतात, बहिणी बोलतात, एखादीच्या बोलण्यात प्रेम कुठे संपतं आणि वैताग कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. युरोपचा दौरा पाच आठवड्यांचा, गाड्या चुकतात, प्रागमध्ये क्लबचा मालक ठरलेले पैसे देईना तेव्हा लिप्स त्याच्या अंगावर धावून जातो. ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका कार्यक्रमाला दहा हजारांच्या हॉलमध्ये 174 माणसं येतात. स्पायनल टॅपच्या लेखकांना हा आकडा सुचला असता तर त्यांनी गोळा करून दीडशे लिहिला असता. 174 हा मोजलेला आकडा आहे.

मग तेरावा अल्बम. जुना निर्माता क्रिस त्सांगरिडीस इंग्लंडमध्ये रेकॉर्डिंग करून द्यायला तयार होतो, पण पैसे हवेत. लिप्स फोनवरून गॉगल विकायची नोकरी धरून बघतो आणि त्याला ते अजिबात जमत नाही, कारण नको म्हणणाऱ्याला गळ घालणं त्याच्या स्वभावात नाही. शेवटी मोठी बहीण पैसे उसने देते. या प्रसंगानंतर मला तरी सिनेमात पूर्वीसारखं हसता आलं नाही. कमानीचं माप चुकलं की हशा, पण बहिणीचे पैसे बुडतील या धास्तीला विनोदात जागा नाही.

एक कबुली द्यायला हवी. घराची खूण 'रॉक ऑन'ला लावली तर ती फसते. तोही 2008 चाच, मुंबईतला 'मॅजिक' बँड पूर्ण काल्पनिक, आणि तरी तिथे घरंच घरं आहेत: एक बँकेतला साहेब झालेला, दुसऱ्याच्या घरात बायको मासळीच्या धंद्यावर संसार ओढतेय. पण तो सिनेमा माहितीपट असल्याचा आव आणतच नाही, त्यामुळे गल्लतही होत नाही. माझी खूण सोंग घेतलेल्या सिनेमांपुरतीच.

दुसरी खूण ड्रमरची. स्पायनल टॅपचे ड्रमर टिकत नाहीत. एक बागकामाच्या विचित्र अपघातात जातो, एक कुणाच्या तरी उलटीने गुदमरून, आणि एक तर वाजवता वाजवता भस्म होतो, खुर्चीवर थोडासा डाग उरतो. अ‍ॅन्व्हिलमध्ये नेमकं उलट: गिटारवाले बदलले, बासवाले बदलले, ड्रमर रायनर मात्र जागचा हललेला नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, तो निघून जायची भाषा करतो आणि लिप्स रडकुंडीला येतो. दोन भाऊ वाटणीवरून भांडतात तसं ते भांडण आहे. मिटतंही तसंच.

आणि जपान. स्पायनल टॅपला शेवटी कळतं की आपलं एक गाणं तिथे चाललंय, रुसून गेलेला नायजेल परत येतो आणि सगळे तिकडे जाऊन गर्दीपुढे वाजवतात. अ‍ॅन्व्हिललाही जपानहून बोलावणं येतं, पण वेळ मिळते सकाळी 11.35 ची. मेटल बँडला ती वेळ म्हणजे सकाळच्या आंघोळीची. लिप्सला खात्री असते की हॉलमध्ये पाच माणसं असणार. स्पायनल टॅपवाले क्लीव्हलँडला रंगमंच शोधत तळघरात भटकत राहतात तो प्रसंग आठवतो, कारण इथेही सगळे एका बोळातून चाललेत. पण हे चुकत नाहीत. पडदा ओलांडतात आणि हॉल भरलेला असतो. दोन्ही सिनेमे पाहायचे असतील तर आधी स्पायनल टॅप पाहावा तो यासाठी. त्या बोळात आपणही खोट्या बँडच्या सवयीने फजितीची वाट बघत असतो.

पुढची गंमत अशी की खोटा बँड हळूहळू खरा होत गेला. 1992 मध्ये क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेल्या कार्यक्रमात स्पायनल टॅप वाजला, त्याच वर्षी नवा अल्बम आला, 2007 मध्ये हवामान बदलाबद्दलच्या 'लाइव्ह अर्थ' या कार्यक्रमासाठी पुन्हा वेम्बली. 2002 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत सिनेमाला जागा मिळाली. 2025 मध्ये दुसरा भागही आला. नायजेल झालेला क्रिस्टोफर गेस्ट न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, पण वडिलांमागे वारसाने त्याला ब्रिटिश सरदारकी मिळाली आणि तो काही काळ हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसला. हे सिनेमात घातलं असतं तर जरा जास्तच झालं, असं कुणीतरी म्हणालं असतं.

अ‍ॅन्व्हिललाही सिनेमाने हात दिला. 2009 मध्ये त्यांनी एसी/डीसी या बड्या रॉक बँडच्या आधी वाजवलं, 2010 मध्ये सिनेमाला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला आणि त्यानंतरही त्यांचे अल्बम येत राहिले.

पैशाच्या बाबतीत मात्र दोन्ही बँड एका पंगतीला बसले. 2016 मध्ये हॅरी शिअररने सिनेमाच्या हक्कमालक कंपनीवर दावा लावला, मागोमाग गेस्ट, मकीन आणि दिग्दर्शक रायनर त्यात सामील झाले. हिशेब दिला गेला होता तो असा, असं दाव्यात म्हटलं होतं: 1984 ते 2006 या काळात टी-शर्ट वगैरे मालाच्या जगभरातल्या विक्रीतून चौघांचा मिळून वाटा 81 डॉलर. म्हणजे माणशी वर्षाला एक डॉलरही पुरता नाही. 2019 आणि 2020 मध्ये तडजोडी झाल्या. कोर्टाच्या कागदांवर चौघांची खरी नावं होती आणि 81 हाही, 174 सारखाच, मोजलेला आकडा होता.