सेन्सर बसवले की वृद्धाश्रम टळतो?

दारावर सेन्सर, गळ्यात बटण, मनगटावर जीपीएस असलं की डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) रुग्ण जास्त काळ घरी राहतो, असा समज आहे. इंग्लंडच्या 'अटिला' चाचणीत तो टिकला नाही. 495 रुग्ण, 104 आठवडे. निम्म्यांना गरजेनुसार पूर्ण संच, बाकीच्यांना धुराचा अलार्म वगैरे मोजकंच. वृद्धाश्रमासारख्या संस्थेत दाखल होण्याच्या वेळेत ठोस फरक दिसला नाही, काळजीवाहूंचा ताणही हलका झाला नाही.

घोडं अडतं ते वापरात. पडल्यावर बटण दाबायचं असतं, हेच आठवत नाही. घड्याळ चार्जिंगविना पडून राहतं. रात्री दाराचा अलार्म वाजतो, पण मुलगा परगावी! म्हणून खरेदीआधी ठरवा: अलार्म कुणाच्या फोनवर वाजणार, तो माणूस किती मिनिटांत पोहोचणार, चार्जिंग कोण करणार. ठरलेल्या वेळी आपोआप बंद होणारा गॅसचा टायमर-व्हॉल्व्ह मात्र आधी घ्या. त्याला रुग्णाच्या आठवणीची गरज नसते.