तलवार कुणाच्या हातून सुटते?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, एकेकानं शिपाई, जादूगार असं एक पात्र घेऊन राक्षसांशी लढायचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली आणला. त्यात वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुस्तकात नियमांची कमी नाही, तरी कॅरमसारखे इथेही टेबलागणिक घरचे नियम असतात. बेळगावात पाऊस लागला की टिळकवाडीतल्या एखाद्या माडीवर पोरं फासे घेऊन बसतात आणि नियम ठरतो: १ पडला की हातातली तलवार सुटली. हशा पिकतो, म्हणून नियम टिकतो.

आता हिशेब बघा. १ पडण्याची शक्यता ५ टक्के. नवखा शिपाई फेरीत एकच वार करतो, तर विसाव्या पातळीचा कसलेला लढवय्या चार. चारही वेळा १ न पडण्याची शक्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ८१.५ टक्के. उरले १८.५. हयात तलवारीत घालवलेला गडी दर पाच-सहा फेऱ्यांत ती पाडणार आणि काल भरती झालेलं पोरगं वीस फेऱ्यांत एकदा! आगीचा गोळा फेकणारा जादूगार तर वारासाठी फासाच टाकत नाही, वाचण्यासाठी फासा समोरच्यानं टाकायचा. त्याच्या हातून काय सुटणार? नियम ठेवायचाच असेल तर फेरीतल्या पहिल्या वारापुरता ठेवावा.

फाशाआधी मोजणी, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. महाभारतात ऋतुपर्ण राजा बेहड्याची पानं-फळं नुसत्या नजरेनं मोजतो आणि नळाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, देतो. वैदिक काळात फासे म्हणून बेहड्याच्याच बिया टाकत. खानापूरच्या रानात बेहडा आजही आहे.

दुसरा लाडका नियम २० पडल्यावरचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अशा वेळी नुकसानीचे, म्हणजे लागलेल्या वारानं किती मार बसला ते ठरवणारे, फासे दुप्पट टाकतात. घरचा नियम म्हणतो, एका फाशावर सगळ्यात मोठा आकडा पडला असं धरा, दुसरा टाका. ऐकायला झकास. पण ऑर्क नावाच्या राक्षसाच्या कुऱ्हाडीला बारा बाजूंचा फासा आणि वर ३ असतात. घरच्या नियमानं नुकसान कमीत कमी १६. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे प्राण-गुण, म्हणजे तो किती मार सोसू शकतो तो आकडा, ८ धरा. शून्यावर आल्यावर उरलेलं नुकसान त्याच्या पूर्ण गुणांइतकं भरलं तर तो जागीच मरतो, म्हणजे इथे मरण पक्कं. पुस्तकी नियमानं हीच शक्यता सुमारे ५४ टक्के. शिवाय राक्षस एका लढाईपुरता येतो, नायक मात्र प्रत्येक लढाईत वार झेलतो. त्यामुळे २० चा नियम जितका तिखट, तितका तो शेवटी खेळाडूंनाच झोंबतो.

डावपेचांत मात्र पोरांची अक्कल चालते. "एकालाच धर की रे, सगळ्यांना काय चाखून बघतोस?" हा ओरडा गणितानं बरोबर आहे. समोर चार शत्रू, प्रत्येकाचे १० प्राण-गुण, प्रत्येक जण फेरीला ५ नुकसान करतो. आपला गट आधी खेळतो आणि फेरीला १० नुकसान करतो. एकेकाला संपवलं तर आपल्याला १५, १० आणि ५ मिळून ३० बसतात. वार चौघांत वाटले तर तीन फेऱ्या सगळे जिवंत राहतात आणि ६० बसतात. जखमी ऑर्कचा वार धडधाकट ऑर्कइतकाच लागतो, हीच मेख.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९१६ साली याचं सूत्र मांडलं. सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर सैन्याचं बळ संख्येच्या वर्गानं वाढतं. दुप्पट माणसं, चौपट बळ. पण जागा अरुंद असून एकास एक भिडावं लागलं तर वर्ग गळून पडतो आणि बळ संख्येच्या साध्या प्रमाणात उरतं. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी हीच अडचण शत्रूपुढे उभी केली. टेबलावर येळ्ळूरच्या राजहंसगडाचा नकाशा मांडलात तर उघड्या माळावर उतरू नका, दरवाजा धरा. समोरच्यांकडे धनुष्यं असतील तर मात्र दरवाज्यात उभ्या असलेल्या एकट्यावर सगळ्यांचा नेम लागतो आणि वर्गाचा हिशेब पुन्हा चालू होतो. तेव्हा भिंतीआड सरका, म्हणजे त्यांनाच जवळ यावं लागेल.