‘फेअरी क्वीन’: 22 नंबरच्या इंजिनाची पार्श्वभूमी

‘फेअरी क्वीन’ हे नाव मूळचे नव्हे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन, थॉम्प्सन अँड हेविटसन कारखान्यातून 1855मध्ये बाहेर पडलेले हे वाफेचे इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेच्या यादीत नुसते 22 नंबरचे होते. नाव मागाहून चिकटले. हावड्याहून निघालेली पहिली गाडीही याने ओढलेली नाही. ती ऑगस्ट 1854ची, म्हणजे इंजिन तयार होण्याच्या आधीची. (बोरीबंदर-ठाणे गाडीच्या इंजिनांपैकी तर आज एकही शिल्लक नाही.)

इंजिन ब्रॉडगेजचे, तीन आसांचे. सिलिंडर दोन, व्यास 12 इंच आणि स्ट्रोक (आतल्या दट्ट्याची एका फेरीतली धाव) 22 इंच. वजन सुमारे 26 टन. वाफेचा जोर फक्त मधल्या, 6 फूट व्यासाच्या चाकांच्या जोडीला लागतो. ताशी 40 किलोमीटर धावताना ही चाके मिनिटाला साधारण 116 फेरे घेतात. मात्र रुळावर पकड मिळते ती त्या एका आसावरच्या भारापुरतीच. जड गाडी जोडली आणि रूळ ओले असले, की चाके जागीच फिरू लागतात. म्हणून हावडा-राणीगंज मार्गावर त्याच्याकडे हलक्या मेलगाड्या असत. 1857च्या उठावात त्याने सैनिकही वाहिले.

पाण्याची टाकी खाली, चाकांच्या मधल्या जागेत. वेगळा टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) नसल्यामुळे पाण्यासाठी वरचेवर थांबणे आले. इंजेक्टरचे, म्हणजे वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साधनाचे, पेटंट 1858चे. त्याआधीच्या इंजिनांत बॉयलरला पाणी देणारा पंप इंजिनाच्याच हालचालीवर चाले. गाडी फार वेळ उभी राहिली की पाण्याची पातळी उतरे आणि ड्रायव्हरला केवळ पाणी भरण्यासाठी इंजिन मागेपुढे करावे लागे. 1855च्या इंजिनावर इंजेक्टर दिसला, तर तो नंतर बसवलेला समजावा.

1909मध्ये काम थांबले. पुढे हावड्याला चौथऱ्यावर, नंतर उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत आणि शेवटी दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते उभे राहिले.

खरा वाद 1997चा: जुने इंजिन जसेच्या तसे जपावे, की भाग बदलून चालवावे? संग्रहालयातले इंजिन चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त करून 88 वर्षांनी पुन्हा मुख्य मार्गावर आणले गेले, दिल्ली कँटोन्मेंट ते अलवर. त्यासाठी नवा बॉयलर घालावा लागला. यात नवल नाही. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या बॉयलरचा पत्रा, आतून धुण्यासाठी ठेवलेल्या भोकांभोवती आणि स्टेच्या (पत्रे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या) मुळाशी झिजतो, रिव्हेटच्या जोडालगत चरे पडतात. असा बॉयलर दाबाच्या चाचणीला टिकत नाही. पण जुना पत्रा काढला की बनावटीचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो, हा विरोधकांचा मुद्दा रास्तच आहे. धावत्या इंजिनाला सुटे भाग बदलणे चुकत नाही. 2011मध्ये तर भाग चोरीला गेले आणि पुन्हा पेरांबूर गाठावे लागले.

1998च्या गिनेस विक्रमाचे शब्दही नीट वाचायला हवेत. तो नियमित सेवेतल्या सर्वांत जुन्या वाफेच्या इंजिनाचा आहे. बातम्यांत ‘नियमित सेवेतल्या’ हे शब्द गळतात आणि ते ‘जगातले सर्वांत जुने चालू इंजिन’ होऊन बसते. अमेरिकेत जपलेले, 1831चे ब्रिटिश बनावटीचे ‘जॉन बुल’ 1981मध्ये स्वतःच्या वाफेवर धावले होते.

त्यात 2010मध्ये याच कारखान्याचे, याच सालचे 21 नंबरचे इंजिनही पेरांबूरला चालू झाले. नंबर आधीचा म्हणून ते थोरले, असे सरळ म्हणता येत नाही: हे नंबर रेल्वे कंपनीच्या यादीतले, कारखान्यात बांधणी कोणत्या क्रमाने झाली त्याचे नव्हेत. त्यासाठी कारखान्याचा क्रमांक पाहावा लागतो. त्या क्रमांकाच्या पितळी पाटीवर विसंबू नये, ती सहज हलवता येते. कनेक्टिंग रॉड (चाक फिरवणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह गिअरच्या (सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या यंत्रणेच्या) भागांवरचा रंग खरवडून ठोकलेले आकडे वाचावेत. एकाच इंजिनावर दोन वेगळे आकडे सापडले, तर दुरुस्तीत जुळ्या इंजिनांचे भाग अदलाबदल झाले असण्याचीच शक्यता जास्त. वर्कशॉपांत हे सर्रास चाले.