मिठात आंबवलेली भाजी आणि व्हिनेगरमधली भाजी: दोन बरण्यांचा घोळ

कोबी, गाजर, काकडी किंवा मुळ्याचे तुकडे, वर आंबट पाणी आणि काचेची बरणी. दोन्ही प्रकार शेजारी ठेवले तर कोणता कुठला ते ओळखू येत नाही, आणि नावही बहुतेकदा एकच असतं, लोणचं. एका बरणीत आंबटपणा बाहेरून ओतलेला असतो, दुसरीत तो भाजीतच तयार होतो. एवढं लक्षात न घेता एका कृतीतलं माप दुसरीत वापरलं की बरण्या बिघडतात. मीठ कमी केलं तर चालेल का, पाणी उकळतं ओतायचं की गार, झाकण घट्ट लावायचं की सैल, बुडबुडे दिसले तर खूश व्हायचं की सगळं ओतून द्यायचं, या साऱ्या प्रश्नांची उत्तरं दोन्हीकडे उलटी आहेत.

आंबटपणा येतो कुठून

व्हिनेगर म्हणजे पाण्यात विरलेलं ॲसेटिक ॲसिड, बहुतेक बाटल्यांत ५ टक्क्यांच्या आसपास. ते ओतलं की पाणी लगेच आंबट होतं आणि त्यात बहुतेक जंतूंची वाढ थांबते. पुढे बरणीत फारसं काही घडत नाही. आंबट आणि मसाले हळूहळू तुकड्यांत मुरतात, इतकंच.

मिठाच्या बरणीत सुरुवातीला आंबट काहीच नसतं. कच्च्या भाजीच्या सालीवर आणि पानांवर लॅक्टिक ॲसिड बनवणारे जंतू मुळातच असतात. मीठ आणि हवेचा अभाव या दोन गोष्टी त्यांना मानवतात, सडवणाऱ्या जंतूंना मानवत नाहीत. पहिल्या काही दिवसांत ल्यूकोनोस्टॉक जातीचे जंतू जोरात असतात. ते ॲसिडबरोबर भरपूर गॅसही सोडतात. आंबटपणा वाढला की तो त्यांनाच सोसत नाही, मग लॅक्टोबॅसिलस कुळातले जंतू पुढचं काम हाती घेतात. शेवटी पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) ३.५ च्या जवळ येतो.

बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू पीएच ४.६ च्या खाली वाढत नाहीत, म्हणून घरगुती साठवणीत हा आकडा महत्त्वाचा. पुरेशा व्हिनेगरच्या बरणीत पाणी सुरुवातीपासूनच या रेषेच्या खाली असतं. आंबवताना तिथे पोचायला काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत राखण करायला मिठाशिवाय कोणी नसतं.

मीठ एकीकडे पहारेकरी, दुसरीकडे चव

म्हणून आंबवताना मीठ वजनावर घालतात, चवीवर नाही. बारीक चिरलेल्या कोबीला त्याच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ, म्हणजे १ किलोला २० ते २५ ग्रॅम. मीठ लावून पाच-दहा मिनिटं हाताने चुरायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं आणि सुटलेल्या पाण्यासकट बरणीत दाबून भरायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःच्या पाण्यात कोबी बुडाला नाही, तर लिटरला २५ ग्रॅम मीठ विरघळवलेलं पाणी वरून घालायचं. नुसतं पाणी घातलं तर हिशेब बिघडतो.

काकडी, गाजराच्या कांड्या, फ्लॉवरचे तुरे एवढं पाणी सोडत नाहीत. त्यांना मिठाचं पाणी करून घालावं लागतं, आणि इथे टक्क्यांचा एक गोंधळ हमखास होतो. ‘५ टक्के मिठाचं पाणी’ म्हणजे १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ. त्यात १ किलो भाजी बुडवली की भाजीतलं पाणीही त्या मिठात वाटेकरी होतं, कारण भाजीत साधारण ९० टक्के पाणीच असतं. काही दिवसांनी सगळीकडे मीठ सारखं पसरतं तेव्हा ते उरतं २.६ टक्के. थोडक्यात कोबीचे २.५ टक्के आणि काकडीच्या पाण्यातले ५ टक्के शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोचतात. कृती वाचताना टक्के नुसत्या पाण्याचे आहेत की पाणी आणि भाजी मिळून, हे आधी बघा. पाण्यातच २.५ टक्के धरले तर बरणीत सव्वा टक्का उरेल, आणि तेवढ्यावर भाजी मऊ आणि बुळबुळीत होण्याची शक्यता फार.

चमच्याने मोजू नका. बारीक मिठाचा सपाट भरलेला चहाचा चमचा ६ ग्रॅमच्या आसपास भरतो, जाड्या मिठाचा त्याहून कमी. आयोडिनचं मीठ चालतं. मात्र मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात मिसळलेल्या पदार्थांमुळे पाणी गढूळ दिसू शकतं.

व्हिनेगरच्या बरणीत मीठ निम्मं केलं तरी टिकाऊपणाला धक्का लागत नाही, फक्त चव सपाट होते. साखरेचंही तेच. तिथे ज्याला हात लावायचा नाही ते म्हणजे व्हिनेगर.

व्हिनेगर पातळ किती करायचं

बाटलीवर आंबटपणाचे टक्के छापलेले असतात ते आधी वाचा. साठवणीसाठी ५ टक्केच घ्यावं. ४ टक्क्यांचं असेल तर पाणी तितकं कमी. घरी बनवलेल्या व्हिनेगरची ताकद कळत नाही, ते कोशिंबिरीत घाला, साठवणीत नको.

व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात हे सगळ्यात पातळ माप समजा. हिशेब असा: ५०० ग्रॅम भाजीवर २५० मिली व्हिनेगर आणि २५० मिली पाणी ओतलं तर द्रावणात ॲसिड २.५ टक्के होतं. भाजीतलं पाणी त्यात मिसळून मुरल्यावर ते १.३ टक्क्यांवर येतं. आता ‘फार आंबट होतंय’ म्हणून एकास तीन पाणी घातलं, तर शेवटी उरतात जेमतेम ०.७ टक्के. ही बरणी दोन-चार दिवसांत खाऊन संपवायची असेल तर ठीक. महिनाभर ठेवायची म्हणून असं पातळ करणं धोक्याचं. आंबट बोचत असेल तर पाणी वाढवण्याऐवजी साखर वाढवा, ती चव सौम्य करते आणि ॲसिडला हात लावत नाही.

वरच्या मापाला १० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम साखर पुरते. हे द्रावण स्टीलच्या पातेल्यात उकळा. तांबं, पितळ, लोखंड किंवा ॲल्युमिनियम नको, ॲसिड या धातूंना खातं आणि चव बिघडते.

गरम की गार, कच्चं की उकडलेलं

व्हिनेगरच्या बाबतीत उष्णता मदतीला येते. गाजर, फ्लॉवर, बीन्स एक-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढले की आंबट लवकर आत शिरतं. उकळतं द्रावणही त्यांच्यावर थेट ओतता येतं. कांदा आणि काकडीच्या पातळ चकत्यांवर मात्र ते कोमट होऊ द्या, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. पातळ चकत्या २४ तासांत खाण्यासारख्या होतात, जाड तुकड्यांना तीन ते पाच दिवस लागतात.

आंबवण्यात उष्णतेने कामगारच मरतात. भाजी कच्चीच हवी, आणि मीठ विरघळवायला पाणी गरम केलं असेल तर ते पूर्ण गार झाल्यावरच ओतायचं. एकदम शिजवलेली भाजी मिठाच्या पाण्यात घालून आंबण्याची वाट पाहणं म्हणजे ती सडण्याची वाट पाहणं. उरलेली उकडलेली भाजी टिकवायची असेल तर तिला व्हिनेगरच दाखवा.

आणखी एक नेहमीची गफलत: आंबवायच्या बरणीत ‘खबरदारी म्हणून’ वाटीभर व्हिनेगर ओतणं. एखादा चमचा गेला तर काही बिघडत नाही. पण जास्त झालं की जंतूंचं काम सुरूच होत नाही आणि हाती येते ती कमी व्हिनेगरची, कमी सुरक्षित, दोन्हींपैकी कुठलीच नसलेली बरणी.

आंबवण्याचा वेग तापमानावर ठरतो. २१ ते २४ अंश सेल्सिअसला कोबी पूर्ण आंबायला तीन ते चार आठवडे लागतात, १५ ते १८ अंशांना पाच ते सहा. २४ च्या वर गेलं की काम झटपट होतं, पण भाजी मऊ पडते, म्हणून बरणी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

एकच खूण, दोन अर्थ

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण बरणीकडे बघून निर्णय घ्यायचा असतो आणि बरणी कुठली आहे हेच विसरलेलं असतं. (चिकटपट्टीवर तारीख आणि ‘मीठ’ किंवा ‘व्हिनेगर’ एवढं लिहून ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो.)

बुडबुडे घ्या. आंबवलेल्या बरणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते दिसायलाच हवेत. गॅसला वाट हवी म्हणून झाकण सैल ठेवायचं किंवा रोज एकदा उघडून लावायचं. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर चार बोटं जागा सोडायची आणि खाली ताटली ठेवायची, पाणी उतू जातंच. दहा-बारा दिवसांनी बुडबुडे थंडावले तर काम थांबलं असं नाही, गॅस सोडणारे जंतू मागे पडले, एवढाच त्याचा अर्थ. व्हिनेगरच्या बरणीत मात्र कोणीही गॅस सोडायला नको. तिथे फसफस दिसली किंवा झाकण फुगलं तर ॲसिड कमी पडलं आणि आत काहीतरी वाढतंय. चाखून बघू नका, फेकून द्या.

गढूळपणाचंही तसंच. आंबताना पाणी दुधाळ होणं आणि तळाशी पांढरा साका बसणं हे चांगलं लक्षण. व्हिनेगरचं पाणी पहिल्या दिवसापासून किंचित धुरकट असेल तर ते मिठामुळे किंवा जड पाण्यामुळे असू शकतं. पण स्वच्छ असलेलं पाणी पंधरा दिवसांनी गढूळ झालं तर बरणी गेली.

पृष्ठभागावरच्या पांढऱ्या थराची भानगड मुख्यतः आंबवलेल्या बरणीत होते. पातळ, सपाट, सुरकुतलेल्या सायीसारखा थर म्हणजे यीस्ट. ते विषारी नाही, पण ॲसिड खाऊन पाण्याचा आंबटपणा कमी करतं, म्हणून दिसेल तेव्हा चमच्याने काढून टाका. केसाळ, उंच आलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी वाढ म्हणजे बुरशी. ती वरून काढून खालचं खाऊ नये. दोन्ही टाळायचा उपाय एकच, भाजी पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर बुडालेली ठेवणं. वर दडपण म्हणून काचेची छोटी वाटी चालते, किंवा पाणी भरलेली जाड प्लास्टिकची पिशवी. पिशवीत साधं पाणी न भरता मिठाचंच भरा, फुटली तरी प्रमाण ढळत नाही. तोंडाला दादरा बांधला तर चिलटं आत जात नाहीत, पण बुरशीला तो अडवत नाही.

लसूण निळी-हिरवी झाली म्हणून मात्र कुठलीच बरणी फेकू नका. ॲसिडमुळे तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांचा तो रंग होतो आणि त्याने अपाय होत नाही.

काकडी मऊ पडण्याचं एक कारण दोन्हीकडे समान आहे. तिच्या फुलाकडच्या टोकाला असलेली एन्झाइम्स गर मऊ करतात, म्हणून ते टोक दोन मिलिमीटर तरी कापून टाकावं. देठाकडची बाजू राहिली तरी चालते. आंबवलेली काकडी मऊ आणि पाणी तारेसारखं ओढलं जाणारं असेल, तर मीठ कमी किंवा उष्णता जास्त झाली, आणि ती दुरुस्त होत नाही.

किती दिवस आणि कुठे

नुसतं व्हिनेगर ओतून झाकण लावलेली बरणी ही फ्रिजची बरणी, एक-दोन महिन्यांची. बाहेर कपाटात ठेवायची तर खात्रीच्या कृतीप्रमाणे बरणी झाकणासकट उकळत्या पाण्यात ठरलेली मिनिटं ठेवून हवाबंद करावी लागते, त्याला पर्याय नाही. पूर्ण आंबलेली भाजी फ्रिजमध्ये चार ते सहा महिने राहते, फक्त वरची साय काढत राहायची. थंडीतही ती हळूहळू आंबत असते, म्हणून आपल्याला हव्या त्या आंबटपणाच्या थोडी आधीच फ्रिजमध्ये टाकावी.

कोबीचा दांडा, फ्लॉवरचे देठ, ब्रोकोलीचं खोड सोलून पातळ चिरलं तर दोन्ही बरण्यांत छान लागतं. आंबवण्यात तर ते पानांपेक्षा जास्त कुरकुरीत राहतं. थोडंसंच उरलं असेल, एखादं गाजर किंवा अर्धा कांदा, तर व्हिनेगर. एकदम तीन गड्डे कोबी हाती आला असेल तर मीठ, कारण तेवढ्याला लागणारं व्हिनेगर परवडत नाही आणि तेवढ्या बरण्या फ्रिजमध्ये मावत नाहीत.

भाजी संपल्यावर उरलेलं पाणी दोन्हीकडचं कामाचं. व्हिनेगरचं पाणी एकदा भाजी मुरवून पातळ झालेलं असतं, त्यात पुन्हा साठवणीची भाजी घालू नये. आठवडाभरात खायचा कांदा त्यात घालता येतो, नाहीतर ते सॅलडवर तेलाबरोबर फेटून घालावं. आंबवलेलं पाणी सूपला आंबट म्हणून उत्तम, पण गॅस बंद केल्यावर घाला. त्यातले जिवंत जंतू उकळीत मरतात. आणि ते खारट असतं, तेव्हा सूपचं मीठ शेवटी बघा.