डेल्टिक: इंजिनं फक्त २२, मॉडेलं मात्र संपतच नाहीत

कोणी विचारलं की डेल्टिकचं, म्हणजे ब्रिटनमधल्या जुन्या डिझेल रेल्वे इंजिनाचं, मॉडेल घेऊ का, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या सालची डेल्टिक? समोरचा गोंधळतो, कारण डेल्टिक म्हणजे डेल्टिक, त्यात साल कसलं. पण १९६१ ची दोन हिरव्या शेडमधली आणि १९८१ ची निळी ही शेजारी ठेवलीत तर नाकापासून खिडकीपर्यंत फरक दिसतो, आणि तो कशामुळे पडला हे कळायला जरा मागे जावं लागतं, थेट ब्रिटिश नेव्हीपर्यंत.

महायुद्धात त्यांच्या छोट्या वेगवान बोटी पेट्रोलवर चालायच्या, गोळी लागली की भडका. म्हणून हलकं पण ताकदवान डिझेल इंजिन हवं होतं, ते नेपियर कंपनीने केलं, आणि काय केलं राव! १८ सिलिंडर, पण सरळ रांगेत नाही, त्रिकोणात. सहा-सहा सिलिंडरच्या तीन बाजू, तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या जोरावर फिरणारा दांडा), आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, म्हणजे १८ सिलिंडरला ३६ पिस्टन. सिलिंडर हेड नाहीच. पिस्टनांचं टायमिंग जुळावं म्हणून तीनातला एक क्रँकशाफ्ट उलटा फिरतो. ग्रीक डेल्टा अक्षर उलटं केलं की हा आकार होतो, त्यावरून नाव डेल्टिक. वर टू-स्ट्रोक, म्हणजे ज्यांनी आरएक्स १०० चालवलीये त्यांना धुराबद्दल वेगळं सांगायला नको. बराच वेळ नुसतं चालू ठेवलं की एक्झॉस्टमध्ये तेल साचायचं आणि ड्रायव्हरने पॉवर घेतली की ते जळून स्टेशनभर धूर.

नेपियर तोपर्यंत इंग्लिश इलेक्ट्रिकच्या ताब्यात आलेली होती, आणि इंग्लिश इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनं बनवायची. मग त्यांनी स्वतःच्या खर्चाने, कोणाची ऑर्डर नसताना, अशी दोन इंजिनं एका बॉडीत बसवली, प्रत्येकी १६५० हॉर्सपॉवर, एकूण ३३००. हा प्रोटोटाइप १९५५ मध्ये प्रेस्टनला तयार झाला, फिका निळा रंग आणि नाकावर क्रीम रंगाचे मिशीसारखे पट्टे. आकड्याला दाद द्यायची तर त्याच कंपनीचं काही वर्षांनी आलेलं साधं टाइप ४ (ब्रिटिश रेल्वेचा ताकदीनुसार केलेला एक गट) रेल्वे इंजिन बघा, २००० हॉर्सपॉवर आणि वजन १३३ टन. सर्व्हिसमध्ये आलेली डेल्टिक ३३०० ची आणि वजन साधारण १०० टन. हलकं इंजिन म्हणजे काय ते इथे कळतं.

लंडन किंग्ज क्रॉस ते एडिंबरा लाइनवर वीज लवकर येणार नाही हे दिसत होतं, आणि तिथले अधिकारी जेरार्ड फाइन्स यांनी डेल्टिकचा आग्रह धरला. ५५ वाफेच्या इंजिनांच्या जागी फक्त २२ डेल्टिक आल्या, १९६१-६२ मध्ये, ताशी १०० मैल धावणाऱ्या. बांधल्या व्हल्कन फाउंड्रीत, न्यूटन-ले-विलोजला. हे नाव आपल्याला परकं नाही बरं का. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची साहेब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं व्हल्कनचीच, आणि नंतर दख्खनच्या राणीला जोडली जायची ती डब्ल्यूसीएम-१ पण इंग्लिश इलेक्ट्रिकची, तिथेच घडलेली. त्यामुळे कोणी मुंबई-पुणेवाला डेल्टिककडे ओढला गेला तर मला नवल वाटत नाही.

आता मॉडेल. गंमत अशी की सर्व्हिसमधल्या डेल्टिक नव्या असतानाच प्रोटोटाइपचं प्लास्टिक किट मुलांच्या हातात होतं, किटमास्टर नावाच्या ब्रँडचं, मोटर नाही, नुसतं चिकटवायचं. मग लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी डब्लो रेंजमध्ये डेल्टिक आणली, खरी इंजिनं येत होती त्याच सुमारास. थ्री-रेलवाल्यांना सेंट पॅडी आणि टू-रेलवाल्यांना क्रेपेलो, दोन्ही डर्बी जिंकलेल्या घोड्यांची नावं. खऱ्या डेल्टिकनाही अशीच नावं होती, लंडनच्या फिन्सबरी पार्क डेपोच्या इंजिनांना रेसचे घोडे आणि उत्तरेकडच्या डेपोंना लष्करी रेजिमेंट. थ्री-रेल म्हणजे मधोमध करंटची तिसरी पट्टी, दिसायला वाईट पण वायरिंग सोपं. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी ट्रायँग ब्रँडची मॉडेलं करणाऱ्या लाइन्स ब्रदर्सकडे गेली आणि डब्लोचं पर्व आटोपलं.

या सगळ्या मॉडेलांत एक जुनी खोट आहे जी अजून तशीच चालू आहे. खरी डेल्टिक ६९ फूट ६ इंच लांब. डबल-ओ स्केलमध्ये एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे मॉडेल २७८ मिलिमीटर, पट्टी लावून बघा. पण खाली रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, जे खरं तर फुटाला ३.५ मिलिमीटरवाल्या एचओ स्केलचे, डबल-ओला १८.८३ पाहिजेत. झालं असं की ब्रिटिश गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा आकाराने बारीक, त्या काळच्या मोटारी त्या बॉडीत मावेनात, मग बॉडी वाढवली आणि रूळ तेच ठेवले. म्हणून समोरून बघितलं की डेल्टिकचं एवढं दांडगं धूड जरा अरुंद पायांवर उभं असल्यासारखं वाटतं. एकदा दिसलं की दिसतच राहतं, सॉरी, पण आता तुम्हालाही दिसणार. काही हट्टी मंडळी चाकं बदलून १८.८३ वर जातात, माझ्यात तेवढा पेशन्स नाही.

नंतर इटलीची लिमा आली, एकाच बोगीत (इथे बोगी म्हणजे डबा नाही, खालचा चाकांचा सांगाडा) चपटी मोटर, स्वस्त आणि आवाज कर्कश, पण त्या काळी तेच परवडायचं. २००० नंतर बाकमनने मधोमध मोटर आणि फ्लायव्हील (चाल एकसारखी ठेवणारं जड चाक) देऊन दोन्ही बोग्या चालवल्या, आणि अलीकडे अ‍ॅक्युरास्केलने तर जाळीतून आतला पंखा दिसेल इतकं काम केलंय.

आणि इथे सालाचा प्रश्न परत येतो. सुरुवातीला नाकावरच्या पेटीत चार अक्षरांचा गाडीचा कोड दिसायचा, १९७६ नंतर त्याची गरज संपली तेव्हा पेटी बंद करून दोन पांढरे दिवे ठेवले. शेवटच्या काळात फिन्सबरी पार्कवाल्यांनी आपल्या इंजिनांच्या खिडक्यांना पांढऱ्या चौकटी रंगवल्या. सेकंडहँडमध्ये एकदा रेजिमेंटचं नाव असलेली पांढऱ्या चौकटीवाली बघितली, विकणारा म्हणे रेअर आहे, रेअर कसली, कोणीतरी घरी ब्रश फिरवलेला. नंबरांचंही तसंच, कॉम्प्युटरवर आणताना ५५००० चालत नव्हता म्हणून पहिली डी९००० थेट शेवटी गेली, ५५०२२, रॉयल स्कॉट्स ग्रे.

ताशी १२५ मैलवाली एचएसटी, म्हणजे हाय स्पीड ट्रेन, आल्यावर यांची चांगली कामं गेली आणि २ जानेवारी १९८२ ला शेवटची निरोपाची फेरी झाली. २२ पैकी सहा वाचल्या, प्रोटोटाइप वेगळा. यातल्या काही अजून चालू स्थितीत येतात हे मॉडेलवाल्यांचं नशीब, कारण मॉडेलातल्या साउंड चिपसाठी आवाज खऱ्या इंजिनाचा रेकॉर्ड करता येतो. चांगल्या चिपमध्ये दोन्ही इंजिनं वेगवेगळी स्टार्ट होतात, आधी एक घरघरतं, मग दुसरं, आणि दोघांचा स्पीड किंचित पुढेमागे असल्याने आवाज एकमेकांत मिसळून हेलकावे खायला लागतो, तेवढा भाग मी गाडी न हलवता नुसता ऐकतो.