मल्टिमीटर आणि पैठणी

आजीच्या पैठणीच्या पदरावरच्या एका जरीच्या रेघेवर मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या आणि मीटर ‘पीं’ करून वाजला, म्हणजे रेघेतून वीज वाहत होती. आई ओरडली, पण वाजला! अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वरून सोन्याचा मुलामा. चांदीपेक्षा चांगला वीजवाहक धातू नाही. म्हणजे ती रेघ एक वायरच झाली, तीही घडी घालता येणारी. माझ्या स्वतःच्या साडीवर मात्र मीटर ढिम्म. तिची जर म्हणजे धातूचा नुसता झिलईपुरता थर दिलेलं प्लॅस्टिक.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट, मॅगी ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी याच जातीचं कापड वाद्य बनवण्याच्या कामाला लावलं. उभे धागे साध्या रेशमाचे, आडवे तांब्याचा पत्रा गुंडाळलेल्या रेशमाचे. भारतात शोभेसाठी निदान शंभर वर्षं विणलं जाणारं हे तलम ऑर्गन्झा. आडवे धागे एकमेकांपासून सुटे असल्याने प्रत्येकातून वेगळा संदेश पाठवता येतो. 1997 साली त्यातून वाजणारं डेनिमचं जाकीट तयार झालं. छातीवर पोलादमिश्रित धाग्याने भरतकाम केलेली अंकांची कळपट्टी, आत विजेवर सूर तयार करणारा सिंथेसायझर, बॅटरी आणि स्पीकर.

कळ दाबली हे धाग्याला कळतं कसं? मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा चिमुकला संगणक, धाग्यात थोडासा विद्युतभार भरतो आणि त्याला लागणारा वेळ मोजतो. बोट टेकलं की आपलं शरीर, म्हणजे खारट पाण्याचं भांडंच, त्या भाराचा वाटा उचलतं, आणि वेळ किंचित वाढतो. फरक सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपासचा, पण मोजणाऱ्याला तेवढा पुरतो.

पण हे झालं स्पर्शाचं. हालचाल पकडायची तर वेगळी युक्ती लागते. लेटिशिया सोनामी या संगीतकार-कलावतीने 1991 साली पॉल डीमॅरिनिस यांच्या साथीने केलेली पहिली युक्ती मला फार आवडते. भांडी घासायचे रबरी हातमोजे, बोटांच्या टोकांना चिकटवलेले पाच चुंबकीय संवेदक (सेन्सर) आणि दुसऱ्या हातावर एक लोहचुंबक. बोट चुंबकाजवळ गेलं की आवाज बदलायचा. पुढे तेच वाद्य काळ्या लायक्राच्या देखण्या हातमोज्यात उतरलं.

हल्ली बऱ्याचदा कापडच संवेदक असतं. वीजवाहक सुताने स्वेटरसारखं विणलं की टाके एकमेकांना ठिकठिकाणी टेकतात. कोपर वाकवलं की टाके ताणतात, टेकण्याच्या जागा बदलतात आणि रोधही बदलतो. वाढेल की घटेल हे सूत आणि वीण ठरवते. साध्या सर्किटमध्ये हा बदल 0 ते 1023 मधला एक आकडा होऊन येतो. त्या आकड्याचं काय करायचं, स्वराची उंची बदलायची की आवाज लहानमोठा करायचा, हे मात्र कलावंताने ठरवायचं. माझ्या मते खरी कला इथेच आहे. घुंगरात असा प्रश्नच नसतो: पाय आपटला की छुम्! इथे हात आणि सूर यांचं नातं कुणीतरी जुळवून द्यावं लागतं, आणि तेही चटकन वाजेल असं. दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या पुढे उशीर झाला की वाजवणाऱ्याला ते परक्याचं वाद्य वाटू लागतं.

आणि कापड हट्टी. घाम आला की आकडे सरकतात, म्हणून दर प्रयोगाआधी ते तानपुऱ्यासारखं नव्याने लावून घ्यावं लागतं. त्यात विणलेलं कापड ताणून सोडलं की लगेच पूर्ववत होत नाही. जुन्या मोज्याचं इलॅस्टिक आठवा. अभियंत्याला याची डोकेदुखी. पण नर्तकीच्या बाहीत तेच कापड असलं, की हात थांबल्यावरही टाके सावकाश आत येत राहतात आणि सूर आणखी क्षणभर खाली घसरतो, सतारीवर मींड घेतल्यासारखा.